उत्तरेला गेले: एक

पहाटे साडेपाच. बागुआच्या डोंगरमाथ्यावर
आम्ही सहा जण, खुर्च्या सात.
सातवी न्येन मास्तरांच्या थर्मासची.

खालच्या रानात ते काल संध्याकाळी उतरलेत,
करड्या गालांचे तिसे,
दक्षिणेचा समुद्र एका दमात ओलांडून.
ऊन तापेपर्यंत कुणी हलणार नाही.
तोवर वाऱ्याचा रकाना भरायचा: दक्षिण, मंद.
ढग: तीन आणे.

आठच्या सुमाराला अननसाच्या शेतांवरची हवा उठते,
तिच्यावर एक उठतो. मग बारा. मग
कुणी पळी घालून ढवळावं तसं
आभाळ फिरायला लागतं.
फिरताना मोजू नकोस, मी नव्या पोरीला सांगते,
एकच पक्षी तीनदा मोजशील.
वर जाऊ दे त्यांना. अगदी टोकाला गेले की
पंख आवळून एकामागे एक सुटतात
माळेचा दोरा तुटल्यासारखे, पण एकाच दिशेला.
तेव्हा मोज. दहाला एक टिचकी.

माझा बापही याच डोंगरावर मोजायचा.

बांबूची काठी, टोकाला आडवी कामटी, सुतळीचा फास.
उजाड कड्यावर रोवून ठेवायची.
दमलेला पक्षी दिसेल त्या आधाराला टेकतो,
एवढंच ज्ञान त्या धंद्याला पुरत होतं.
सकाळी अंगणात पोतं उलटं करून
जोडीजोडीनं मोजणी.
दुकानदार कापूस भरायचा, काचेचे डोळे बसवायचा,
आणि परक्या देशातल्या दिवाणखान्यांत
ते कपाटावर पंख पसरून उभे राहायचे.
आमच्या घरावरचे पत्रे, आईचं शिलाईयंत्र,
माझी वह्यापुस्तकं, सगळं त्या पंखांवर आलं.
बारा वर्षं इथं बसते,
हे कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा आईची पेटी आवरताना वही सापडली.
तांदळाच्या दुकानाची, निळ्या पुठ्ठ्याची.
तारीख, वारा, किती दिसले, किती धरले, भाव.
अकरा वसंत.
चुलीत घालावी असं दोनदा वाटलं.
तिसऱ्यांदा मी ती न्येन मास्तरांसमोर ठेवली
आणि थर्मासकडे बघत राहिले.

मास्तरांनी चष्मा वर केला. पान उलटलं, अजून एक उलटलं.
म्हणाले, बाई, या डोंगरावर
याच्याआधी कुणी वारा लिहिला नव्हता.

आता आमच्या आलेखात
डावीकडे खाली काळे ठिपके आहेत अकरा,
आणि पहिला ठिपका माझा बाप.
क्षमा वगैरे कुणी कुणाला केलेली नाही.
आलेखाला तसा रकाना नसतो.

फक्त एका तारखेपुढे त्यानं लिहिलंय: धरले चौदा, सोडला एक.
का, ते नाही.
पंख मोडका असेल, पण मोडक्याला सोडून काय उपयोग?
लहान असेल. भाव पडला असेल. त्यानं बघितलं असेल.
मी तेव्हा चार वर्षांची,
मला त्या दिवसाचं फक्त पाणी आठवतं, हौदातलं, थंडगार.

याचं काय करू? मास्तरांनी विचारलं, पेन उघडं धरून.
उत्तरेला गेले त्यांत लिहा, मी म्हणाले.
त्यांनी लिहिलं. एक.

खालच्या उतारावर माणसं आलीत,
चिंगमिंगला अजून आठवडा आहे तरी,
विळे घेऊन, थडग्यांवरचं गवत कापायला.
कागद जळतात, धूर वर येतो,
धुरातून मोजता येत नाही, नवी पोर वैतागते.
माझाही विळा पिशवीत आहे, दुपारी उतरेन.
त्याच्या थडग्यावर बांबू फार माजतो.

दहा चाळीस. वारा फिरला. आतापर्यंत दोन हजार एकशे साठ.
आणि एक ठिपका, पार दक्षिणेला, हलत नसलेला.
दुर्बिणीवरची धूळ असेल.
अंगठा यंत्रावर ठेवून
थांबते.