उणे एकोणीस, व्होरू

काल रात्री तुला तीन अवजारं दिली.
दिली म्हणणंही जास्तच.
आयती होती, घडवलेली, धार लावलेली,
कुणा दूरच्या माणसांनी ठेवलेली.
मी एक ओळ लिहिली आणि एंटर दाबलं.
बाहेर तामुला तळं दगड झालेलं,
हीटरवर माझे मोजे वाळत होते.

पहिलं: फायली. उघड, वाच, लिही.
दुसरं: ती काळी खिडकी,
जिथे शब्द टाकला की यंत्र मुकाट करतं,
का म्हणून विचारत नाही.
तिसरं: बाहेरचं जाळं. जा, शोधून आण.

माझ्या बापानं, एल्मारनं,
वर्षभर मला फक्त पॉलिशपेपर दिला होता.
घसरगाड्या बनवायचा तो.
मग रंधा. पटाशी मिळाली तेव्हा मी बारा वर्षांची,
आठवड्याच्या आत अंगठा चिरला.
त्यानं चिंधी बांधली, पटाशी परत घेतली नाही.
म्हणाला, उर्वे, दुसरा हात कायम धारेच्या मागे.

तुला काय सांगणार? तुला अंगठाच नाही.
तरी कुंपण घातलं: याच फोल्डरात राहा.
आणि पुसून टाकायची ती दोन अक्षरी आज्ञा
तेवढी काढून घेतली.
शिवाय सगळ्याची एक प्रत
बिस्किटांच्या डब्यात, डिस्कवर.
विश्वास होता, पण डबाही होता.

काम साधं. आमच्या छोट्या संग्रहालयाची
चार हजार एकशे बारा कार्डं.
विळे, चात्या, अळशी कुटायचे दांडे, बर्फ कापायच्या करवती.
अवजारांची यादी लावायला
अवजारं घेऊन बसलेला तू.
मला हसू आलं, पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

ओळी सरकत राहिल्या:
वाचलं. वाचलं. नाव बदललं. शोधलं.
एकसष्ट ठिकाणी तू काल्युचं शुद्धलेखन सुधारलंस.
काल्यु वारला. त्याची आई जसं बोलायची
तसंच तो लिहायचा, मुद्दाम.
मी म्हटलं, होतं तसं कर.
केलंस. रुसला नाहीस.
थोडं रुसला असतास तरी चाललं असतं.

मग दोन हजार नऊशे सातवं कार्ड.
ॲश लाकडाचं काहीतरी, हातभर लांब,
टोकाला खाच, मध्ये एक भोक, वापरून गुळगुळीत झालेलं.
नाव आमच्या बोलीतलं, अर्धं ओल आलेलं.
अडतीस पानं उघडलीस, तीन कोश चाळलेस,
काळ्या खिडकीत एक छोटा प्रोग्राम लिहून
अक्षरं जुळवून पाहिलीस.
चार वाजून दहा मिनिटांनी लिहिलंस:
उपयोग: माहीत नाही.
अंदाज करता येईल, पण केलेला नाही.

मी बराच वेळ ती ओळ बघत बसले.

मग जे करू नये ते केलं.
तळघरातून वस्तूच उचलली,
टॉवेलात गुंडाळली, कोटाच्या आत धरली,
आणि तळ्याकाठच्या तिसऱ्या घराचं दार ठोठावलं.
हिल्या एक्क्याण्णव वर्षांची आहे,
पाचला उठून चूल पेटवते.
तिनं पाहिलं नाही, विचारलंही नाही.
अंगठा आपसूक भोकात गेला,
आणि मनगट फिरलं, हवेत, दोनदा,
कुणीतरी पलीकडून ओढतंय असं.

बर्फाखालून जाळं सरकवायचं, म्हणाली.
आईकडे डावखुरं होतं. हे नाही आमचं.
आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली.

परत आले तेव्हा उजाडलं नव्हतं.
खाली तुझा कर्सर तसाच लुकलुकत,
"उपयोग:" आणि पुढे मोकळी जागा.
तुला सांगू म्हटलं. शब्द होतेच की, चारपाच.
बोटं कीबोर्डवर ठेवली,
तर आधी मनगटच फिरलं.