मानस

अमावास्येला आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडते.
पाऊस लागतोच असं नाही. भर मार्चातही.
तळाच्या खड्ड्यात ढोपरभर पाणी,
एकदा तर त्यात बोटाएवढा शेवटा फिरत होता.
सेक्रेटरी सार्दिन म्हणाले, नळ फुटला असणार.
मी बोट बुडवून जिभेला लावलं.
खारं.

माझ्या बापाकडे इथली मानस होती.
मानस म्हणजे मन नव्हे, खाजनाच्या बांधातलं दार.
ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं,
भरतीला बाहेरचं पाणी ढकलून मिटतं.
बापानं फक्त झिजल्या फळ्या बदलायच्या,
रात्री कंदील टांगून कोळंबी धरायची
आणि बिनघड्याळाच्या घरात
तिथीवरून वाजले किती ते सांगायचं.

बांधापलीकडे पणजी होती,
टोपीवाल्या कारकुनांची, सरळ रस्त्यांची.
बाप म्हणे, तोही चिखलच.
जुन्या गोव्यात माणसं तापानं मेली
तसे साहेब नदीच्या तोंडाशी सरकले,
पडक्या वाड्यांचे चिरे होड्यांत घालून आणले,
माडांमधल्या दलदलीत ओतले.
मग पाणी कुठं गेलं, मी विचारायचो.
तो चप्पल काढून
तळपायाखालची जागा दाखवायचा.

एकसष्टच्या डिसेंबरात विमानं आली.
लोक खिडक्या लावून बसले,
बाप फळी बघायला गेला.
ओहोटीला सरकार नसतं, म्हणाला.

नंतर सरकारं आली. बसस्टँड आला, बँका आल्या,
ब्याऐंशीत लाल मातीचे ट्रक आले,
महिनाभर, दिवसरात्र.
भाटकारानं सही केली. बापाला अंगठ्याच्या बदल्यात
तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या.
तो वर राहायला आला आणि
पहिल्यांदा त्याला भरती ऐकू येईना.
दीड वर्ष जगला.
एक फळी त्यानं जिन्यावरून स्वतः ओढत आणली होती,
ती आता टीव्हीखाली आहे.
आषाढात अजून मीठ सोडते, मी फडक्यानं पुसतो,
फडकं लगेच धुवावंसं वाटत नाही.

वास्कोचा इंजिनियर आला, नव्वद हजारांचा पंप म्हणाला.
मी म्हटलं, अष्टमीपर्यंत थांबा.
अष्टमीला खड्डा कोरडा.
इंजिनियर माझ्याकडे बघत राहिला,
सभासद पंपासाठीच्या वर्गणीकडे.

आता सार्दिन दर महिन्याला मिस्साहून येताना
माझी बेल वाजवतात: आवस कधी?
नोटीस बोर्डावर त्यांच्या वळणदार अक्षरात
चतुर्दशी ते द्वितीया जिन्याने जावे,
खाली सोसायटीचा गोल शिक्का.
बापाच्या कामाला शिक्का कधी लागला नव्हता.

काल रात्री बावन्न पायऱ्या उतरून खाली गेलो.
लिफ्टचं दार सताड उघडं.
रांचीकडचा नवा वॉचमन पालथा पडलेला,
एका हातात मोबाईलचा उजेड
आणि दुसऱ्यात पिठाची चाळण.
साहेब, कोळंबी, तो कुजबुजला.
मी बत्ती विझवली.