वटाव

मंगळवारी चौदा डॉलर चाळीस सेंट आले.
आले म्हणजे जालन्यात नाही आले,
तिकडेच एका खात्यात पडले,
आणि पडण्याआधी तिकडच्या सरकारनं
चौथा हिस्सा काढून घेतला.
हातात दहा ऐंशी. हातात म्हणजे, पुन्हा, तिकडच्याच हातात.

छत्तीस शेअर आहेत माझे.
बियाण्याची आमची कंपनी परक्यांनी घेतली तेव्हा
उगवण तपासणाऱ्या आम्हा सगळ्यांना वाटले,
लग्नात टोप्या-टॉवेल वाटतात तसे.
चौतीस वर्षं मी ओल्या कागदावर शंभर दाणे मांडून
किती उगवले ते मोजलं.
आता हे छत्तीस,
दर तिमाहीला, न भिजवता.

लॅपटॉपवरची हिशेबवही इम्तियाजनं टाकून दिली,
मामा चौकातल्या, फुकट.
तिच्यात वर सोमवारचा टँकर, सातशे.
खाली दूध, गॅस, हिच्या गुडघ्याचं मलम.
मधे हे डॉलर,
चुकीच्या पंगतीत बसलेल्या पाव्हण्यासारखे.

उत्पन्न लिहायचं पुरतं चौदा चाळीस, कापलेलं धरून.
दर गेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा,
चौऱ्याऐंशी पन्नास, आयकराला तोच चालतो.
बाराशे सोळा रुपये ऐंशी पैसे.
त्यातून तिकडचा कर तीनशे चार वीस.
उरले नऊशे बारा साठ.
पण मंगळवारी डॉलर पंच्याऐंशीला होता
आणि दहा ऐंशीचे होतात नऊशे अठरा.

ओळ लाल झाली.
पाच रुपये चाळीस पैसे कुठले?

इम्तियाजला फोन.
"चाचा, पाच रुपये के वास्ते कायको रात खराब करते?
कहीं भी डाल दो."

कहीं भी.
घेवरचंद मुनिमांनी हे ऐकलं असतं
तर दौत उपडी केली असती.
मी चौदाचा, शाळा सुटली की मोंढ्यात,
त्यांच्या गादीच्या कोपऱ्यावर बेरजा करायला.
एकदा सव्वा रुपया लागेना.
म्हटलं, माझ्या खिशातून टाकतो.
ते म्हणाले, पोरा, सव्वा रुपया नाही चुकला.
आत दोन मोठ्या चुका
एकमेकींच्या आड लपून उभ्या आहेत,
हा नुसता पडद्याखालून दिसणारा अंगठा.

आणि दुसऱ्या एका दिवशी, सहज,
माळ्यावरून निजामाच्या वेळची चोपडी काढली.
पानावर दोन घरं. हाली. कलदार.
सरकी खामगावला गेली की कलदार यायचे,
इथली हमाली हालीत.
निघताना एक भाव, पोचताना दुसरा.
मधल्या फरकाला त्यांनी चूक म्हटलं नव्हतं.
त्याचं निराळं खातं होतं, शाई तीच, अक्षर तेच,
वटाव.
"हे कुणी खाल्लं नाही, कुणी कमावलं नाही,
दोन दिवसांच्या फटीत पडलेलं आहे.
पडल्या जागी लिहायचं."

आधी मी तरी सगळं दोनदा तपासलं. अंगठा असू शकतो.
नव्हता.
साडेअकराला नवं खातं उघडलं.
यंत्रात तयार नाव होतं, लांबलचक, विनिमय वगैरे.
पुसलं. व सापडला,
ट सापडला, काना सापडायला वेळ लागला,
मग पुन्हा व.
पाच रुपये चाळीस पैसे जमा.

लाल गेलं.
खिडकीतून एमआयडीसीकडचं आभाळ
कुठल्या तरी रोलिंग मिलच्या उजेडानं तांबूस, रोजच असतं.

ही झोपेतच म्हणाली, आले का पैसे?
आले, म्हटलं. पण इकडं आणायला
त्यांच्याहून जास्त बँक घेईल,
म्हणून तिकडेच आहेत.
किती झाले?

कुठल्या दिवसाच्या दरानं, असं मी विचारेपर्यंत
ती घोरायला लागली होती.