डावी कड

दिवे घाट चढताना आरशात पुणं होतं,
धुरकट, रस्त्यावरचे दिवे विझायचे राहिलेलं,
आणि मोबाइल सांगत होता: आकाश निरभ्र, पाऊस शून्य टक्के.
शेजारच्या सीटवर लेन्सला पट्टा लावलेला,
झोपलेल्या लेकराला लावावा तसा.

सासवडच्या पुढे, कागदोपत्री 'पडीक' असलेल्या रानात
चैत्रातलं गवत उभं असतं, शिळ्या भाकरीच्या रंगाचं.
मला धाविक हवा होता. एकच फोटो.
तांबूस टोपी, डोळ्यावरून मागे गेलेली काळी-पांढरी रेघ
आणि त्याच्यामागे काहीच नको, सपाट, स्वच्छ काहीच नको.
धाविक चार पावलं पळतो, थबकतो, वाकतो,
मी डोळा लावेपर्यंत ढेकूळ होऊन बसतो.
अशा तेवीस सकाळी.

धुळोबा कोळपे तिथंच मेंढरं चारत होते.
पाय मुरगळला म्हणून यंदा कोकणात उतरले नव्हते.
दुपारी तीनला म्हणाले,
"बाई, त्ये दुकान आवरा."
मी वर पाहिलं. निळं.
"वर काय बघताय? मेंढरांकडं बघा."
मेंढरांनी सगळ्यांनी एकाच दिशेला पाठ केली होती,
माना एकमेकींच्या पोटाखाली.

मग वाल्ह्याच्या अंगानं आभाळ आलं.
चिंच लावायच्या आधी पितळ असतं तसल्या रंगाचं.
वारा आधी आला, मग मातीची भिंत,
तिपाई पडली तेव्हा माझं बोट शटरवरच होतं,
आणि गारा.
गोट्या म्हणतात तेवढ्या. काही आवळ्याएवढ्या.
कोळप्यांनी घोंगडी टाकली ती कॅमेऱ्यावर.
"माणूस वाळतंय," म्हणाले,
आणि आम्ही दोघं डोक्यावर हात धरून
बाभळीखाली मार खात बसलो, शाळेतल्यासारखे.

अकरा मिनिटं.
नंतर इतकं शांत की गारा विरताना ऐकू येत होत्या.
पांढरं रान, त्यावर तिरका, धुतलेला उजेड.
असा उजेड मी भीमेच्या काठी, माळशेजला,
कुठं कुठं थंडीत बसून मागितला होता.
कोळपे मेंढरं मोजत होते
आणि मी, सांगायला लाज वाटते, उजेड मोजत होते.

सत्तेचाळीस.
पुन्हा मोजली. सत्तेचाळीसच.
अठ्ठेचाळिसावं कोकरू, चार दिवसांचं.

कॅमेरा जिवंत आहे का बघायला मी स्क्रीन उघडली.
शेवटचे सहा फोटो, पडता पडता निघालेले:
क्षितिज कलंडलेलं, धूळ, वाकडं आभाळ.
पुसायला बोट नेलं तर मागून आवाज,
"ह्यात माझी हायती का?"

घोंगडीच्या कोपऱ्यानं त्यांनी काच पुसली.
मोठं करून दाखवलं. ते फोटो बघतच नव्हते,
"ही कानफाटी. ही तिची थोरली. ही वांझ."
बोट सरकत सरकत डाव्या कडेला गेलं,
जी कड मी कुणालाही न विचारता कापली असती.
तिथं राखाडी ठिपका, ओघळीकडं तोंड केलेला.
"त्यो बघा. पळाला ल्येकाचा."

ओघळीत, बोरीच्या जाळीत सापडलं.
पाठीवर गारा, एक कान सुजलेला,
आणि आमच्यावरच ओरडत होतं.

रात्री सहकारनगरात रस्ते कोरडे.
खालच्या देवस्थळ्यांनी विचारलं, गाडीला एवढे पोचे कसले?
मी संगणक लावला. सवयीनं
क्षितिज सरळ करायची खूण ओढली.
चित्र फिरलं, कोपरे छाटले गेले,
क्षितिज अगदी ओळंब्यात,
आणि कोकरू चित्राबाहेर.

मागे घेतलं.
तिरपंच छापलं, दोन प्रती.
एक परवा घेऊन जायचीय. मोबाइल म्हणतो, निरभ्र.
मी जिन्यातलं मांजर कुठं पाठ करून बसलंय
ते बघून येते.