पाऊलमाप

बटाटा उडतो, हे आधी कुणालाच पटलं नाही.
परंड्यात तोफा म्हणजे किल्ल्यावरच्या,
पोटात सरडे घेऊन उन्हात पडलेल्या.
त्यांना कुणी विचारत नाही, आज किती?
आम्ही विचारायचो. दर शुक्रवारी, नमाजनंतर,
मोटार वायंडिंगचं दुकान अर्धं ओढून घेऊन
इलाहीचाचा आणि मी.

पहिली तोफ म्हणजे कोरड्या गेलेल्या बोअरचा उरलेला पाइप,
पंक्चरवाल्याचा पायपंप
आणि हवा अडवायला नळाची जुनी चावी.
बार निघाला, फुस्स.
बटाटा असा बाहेर आला
जसं हजेरीत नाव आल्यावर एखादं पोर उठतं, नाइलाजानं.
सात पावलं.
मी वही मिटायला लागले तर चाचा म्हणाले,
"लिख बेटा, शरम कायकू? सात बी आकडाच है."

मग महिनाभर कानस.
आयटीआयच्या फिटर वर्गात मी एकटी मुलगी.
हातात कानस घेतली की सर म्हणायचे, जपून.
चाचा म्हणायचे, घास.
पाइपाच्या तोंडाला मी अशी धार आणली
की बटाटा दाबला की साल बांगडीसारखी गळून पडायची
आणि उरलेला आत बसायचा, कुलपात किल्ली.
एकेचाळीस.

मग चावी काढून ठिबकच्या दुकानातली झडप. त्रेसष्ट.
मग नळी लांब केली. अठ्ठावन्न.
आणखी लांब. एक्कावन्न.
त्या एक्कावन्नवर चाचा रात्रभर झोपले नाहीत.
पहाटे करवत घेऊन माझ्या दारात,
"लंबी हुई तो बडी नै होती बेटा. तोफ बी, बात बी."
दीड वीत कापली.
अठ्ठ्याऐंशी.

बटाटे बाजार उठताना घ्यायचे, कोंब आलेले.
काशाबाई विचारायची, एवढ्याचं करता काय गं?
उडवतो, मावशी.
"उडवा बाई. आमचा मालक बी उडवतोच की.
तुमचं निदान कुठं पडलं ते तरी दिसतं."

चाचांचा गुडघा धरलेला. ते तोफेपाशी, बाजेवर.
मी पाझर तलावाच्या कोरड्या पोटातून चालत जायची,
भेगा ओलांडत, मनात आकडा धरून,
कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही.
मग तो सापडायचा, फुटलेला, पांढरा,
मुंग्यांच्या आधी.
मी हात वर करून ओरडायची,
आणि आकडा पोचायच्या आत
चाचा त्या गुडघ्यावर उभे राहिलेले असायचे.

शेवटचा बार एकशे चौदा.
आदल्या रात्री अवकाळी येऊन गेलेला,
चप्पल चिखलात रुतत होती.
दुसऱ्या दिवशी मी चाकणला.

इथं माझ्याकडे लेझरचं माप आहे,
केसाएवढं चुकत नाही.
शुक्रवारी फोन करते. आज?
"एक्क्याण्णव."
हवा कमी भरली काय?
"हवा बराबर. अब साजिद चलता ना."
साजिद म्हणजे नातू. सहा फुटाला दोन बोटं कमी, ढांगा टाकत जातो.
तोफ सुधारत होती आणि वही उतरत होती.
चाचा चिडायचे, साजिदवर, झडपेवर, बटाट्यावर.

मग परवा,
"एकशे एकवीस!"
साजिद बुटका झाला काय, चाचा?
"नै. लकडी काटी. तेरे कदम की."
माझ्या? माप कुठून घेतलं?
"तालाब में निशान हैं ना तेरी चप्पल के.
आखरी दिन कीचड था. सूख के ईंट हो गए.
दो फुट को एक उंगल कम, बेटा.
अब वोच नाप."

मी फोन ठेवला.
कंपनीत चालायची वाट पिवळ्या पट्ट्यानं आखलेली आहे.
जेवणाच्या सुट्टीनंतर त्यावरून परत येत होते,
मोजत नव्हते.
खरंच नव्हते.
मशिनपर्यंत सव्वीस.