सहभागी क्रमांक सात

सांगलीच्या मार्केट यार्डात हल्ली लिलाव उघडच होतो,
पण शेवटचे शे-पन्नास रुपये
अजून रुमालाखालीच ठरतात.
बोट धरायचं, सोडायचं, दोन पेरं दाबायची.
तोंडानं मात्र पावसापाण्याचं बोलायचं.

तस्नीमला हवी होती
भाव जन्मतो ती नेमकी जागा.
ती अर्थशास्त्रातली.
मला हवा होता नुसता हात.

माझा हात विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर,
टेबलाला स्क्रूनं आवळलेला:
सहा मोटारी, छापून काढलेली बोटं,
आणि स्नायूंच्या जागी
मिरजेच्या सतारवाल्याकडून आणलेली तार.
(त्यानं विचारलं होतं, कुठल्या सुरात लावायची?)

सात अडत्यांनी मोजे घातले आमचे.
सातवे भूपाल मगदूम, वय एकाहत्तर.
बोटांत हळद इतकी मुरलेली
की आमचा सेन्सर पहिल्याच दिवशी पिवळा पडला.
हळकुंड मोडून कानाशी धरायचे,
म्हणायचे, "हे अजून वलं हाय. बोलतंय बघ."

नोंदींत गोंगाट फार होता.
हमालांची पावलं, टेम्पोची घरघर, पोत्यांची आदळआपट.
मी एक गाळणी लिहिली, चौदा ओळींची.
आलेख कसे गुळगुळीत झाले!
माझा हात शिकला.
दहातले नऊ सौदे अचूक ओळखू लागला.
आम्ही भडंग मागवलं.

मग तस्नीमचा फोन, रात्री साडेअकराला:
तोच ढीग, तीच राजापुरी,
आणि सातला दर कमी मिळतोय.
होळीपासून. आधी चाळीसनं,
मग नव्वदनं, मग एकशे दहा.
गणितात कारण सापडत नाही.

मी गाळलेलं परत ओतलं.

तिथं होती ती,
सेकंदाला पाच वेळा,
अंगठ्यातून निघून तर्जनीपर्यंत जाणारी,
नियमित, जवळजवळ सुबक
थरथर.
घेणाऱ्यांच्या तळव्यांना आमच्या आधीच कळलेली.
त्यांना वाटलं, म्हातारा कचरतोय.
कचरणाऱ्याला भाव पाडून मागायचा, हा बाजार.
रुमालाखाली डॉक्टर नसतो.

संमतीपत्रात लिहिलंय,
नाव कुणाला कळू देणार नाही.
ज्याचं नाव त्यालाच सांगायचं की नाही
हे लिहायचं राहिलं.
परीक्षकाचा शेरा मात्र आला होता:
सात नंबर वगळावा, निष्कर्ष नेटके होतील.

गेले मी. छापील आलेख पिशवीत.
त्यांनी चहा सांगितला,
कप बशीत पालथा केला, दोन्ही हातांनी बशी उचलली.
"वर्स झालं. कपानं सांडतोय, म्हनून बशी.
घरात वाटतंय, म्हाताऱ्याची सवय."
आलेखाकडं बघितलं बराच वेळ,
पोत्यातला माल बघावा तसं.
"ह्ये ह्यांना हाताला लागतंय व्हय?
मला वाटलं, माल हलका झाला."
मग, "तुझ्या त्या लोखंडी हाताला शिकवलंस का ह्ये?"
नाही म्हटलं. गाळलं होतं.
"बरं केलंस," म्हणाले.
मला ते बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सौद्याला
त्यांनी उजवा हात बंडीच्या खिशात घातला
आणि डावा पुढं केला.
रुमाल पडला. आत काय झालं
याची नोंद नाही, मोजा उजव्याचा होता.
क्विंटलला सत्तर रुपये वर गेला माल.

तस्नीमनं वहीत लिहिलं: हस्तक्षेप.
मग त्या शब्दाकडं बघून ती एकटीच हसत बसली.
प्रयोग बिघडला, असं परीक्षक म्हणेल.
बिघडलाच आहे.
सात नंबर आम्ही ठेवलाय.

आणि मुलाला घेऊन मिरजेला जाणार म्हणालेत,
तपासायला. सोमवारी.
सोमवारी सौदेपण असतात.