नकाशात नसलेली तार

हिबिंगच्या उत्तरेला, खाण संपून बर्चची झाडं लागतात
तिथल्या मिल्का ग्राहेकच्या बारमध्ये
सकाळी दहाला मी गुडघे टेकून बसलोय
ज्यूकबॉक्सचं पोट उघडं टाकून.
बाहेर उणे एकोणीस. माझ्या दातांत टॉर्च.
मिल्का टेबलांवरच्या उलट्या खुर्च्या खाली उतरवतेय,
एकेक, मुद्दाम आपटत.

तक्रार अशी की
डाइम टाकला तर खालच्या वाटीत परत,
निकेल गिळतं, पण गाणं देत नाही,
क्वार्टरचं विचारूच नका.
"सहा वर्षं झाली, नुसते दिवे लावतंय.
लोय्झे गेला तेव्हापासून."

नाण्याची वाट मी आधी बोटानं चालून बघतो.
पाळण्यात त्याचं वजन होतं,
मग लोहचुंबक त्याची जात विचारतं:
लोखंड असेल तर बाहेर.
आणि हे कुठे, तर लोखंड खणणाऱ्यांच्या गावात,
जिथे पाळी सुटल्यावर प्रत्येकाच्या खिशात
घासून गोल केलेले दोनतीन वॉशर असायचे.

खरं नाणं मात्र सुटतं
आणि पडता पडता
एका केसाएवढ्या काडीला धक्का देऊन जातं.
तेवढंच. पापणी लवते तेवढा वेळ
दोन पत्रे एकमेकांना शिवतात
आणि यंत्र समजतं, कुणीतरी पैसे दिलेत.

तारांवरचं सुती कापड बोट लावताच भुगा होतं.
त्रेपन्न सालचं. उंदरांनीही चव घेऊन सोडलेलं.
कापतो, सोलतो, कथील चढवतो,
राळेचा धूर डोळ्यांत जातो,
पिवळी पिवळ्या जागी, करडी करड्या जागी,
लाल-पांढरी... थांब.
नकाशात आठ.
हातात नऊ.

नववी तपकिरी, टेबललॅम्पची वायर,
कारखान्याची नव्हे. घरच्या गाठीनं बांधलेली.
मागच्या फळीतून बाहेर पडते,
भिंतीच्या कडेनं, लिनोलियमखालून,
मी तिच्यामागे रांगत जातो
आणि काउंटरच्या आतल्या अंगाला
डोकं आपटून थांबतो. तिथे दाराच्या घंटीचं बटण.

"ते होय," मिल्का म्हणते,
"मला वाटायचं, पोलिसांसाठी असेल."

प्लग लावतो. ती दाबते.
खोलीच्या त्या टोकाला, नाण्याशिवाय,
ठक्.

ती पुन्हा दाबते. ठक्.
मग फडकं खांद्यावर टाकून उभी राहते बराच वेळ.

संपाच्या वर्षी, ती सांगते,
एकेका बिअरवर तीन तास बसायची माणसं,
आणि पेटी काही गप्प राहायची नाही.
दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी डुलुथहून टोर्गर्सन यायचा
कापडी पिशवी घेऊन. वाजलेली गाणी मोजायचा,
पेटीतली नाणी मोजायचा, ताळा जमायचाच असा
की त्याला बोलायला जागा नसे.
"जमायचा कसा?" मी विचारतो.

ती उत्तर देत नाही.
ग्लास पुसते. पुसलेलाच पुन्हा पुसते.

"सोमवारी रात्री बंद केल्यावर
तो माझ्याकडे पाठ करून तिथे उभा राहायचा.
गल्ल्यातले डाइम, एकामागून एक.
गाणं एकही लावायचा नाही.
मी वरून बघायचे, जिन्यातून.
कुणाची आठवण काढतोय, असं वाटायचं मला.
लुब्ल्यानाला होती म्हणे एक कुणीतरी.
चाळीस वर्षं, बघ,
मी त्या बाईला शिव्या घालत राहिले."

हसते की खोकते, कळत नाही.

सकाळी फोनवर तीच म्हणाली होती,
सगळं नकाशाप्रमाणे हवं, जसं आलं तसं.
मी पक्कड हातात धरून विचारतो, कापू?
"कॉफी घेणार का?" ती म्हणते.

तपकिरी वायर बदलली. गाठ त्याचीच ठेवली,
ती सुटेचना.
बिलात आठ तारा लिहिल्या.

डाइम आता खणखणीत घेतं. निकेलही.
क्वार्टर अजून पाळण्यातच अडकतो,
खालची पट्टी जराशी वाकलीय.
गुरुवारी परत यावं लागेल.